खाम्पुईताईंनी न दिलेली माफी

आमच्या गावात मोठ्या ऑपरेशनला निघालेला माणूस आधी फुलं आणि पिवळ्या मेणबत्त्या घेऊन घरोघरी जातो. ज्यांना ज्यांना दुखावलं असेल त्यांच्यापुढे वाकतो आणि 'अहोसी' मागतो. ही नुसती माफी नव्हे. तुझ्या-माझ्यातलं कर्म मी सोडून दिलं, पुढच्या जन्मी तुझ्या मागे लागणार नाही, असं समोरच्याने तोंडाने म्हणायचं असतं. आणि कुणी नाही म्हणत नाही. बांधावरून वर्षानुवर्षं भांडणारे शेजारीसुद्धा 'सोडलं रे बाबा, सुखाने जा' म्हणतात, वर हातात दोन केळी ठेवतात.

नाही म्हणालेली बाई मी एकच पाहिली. ती माझी थोरली नणंद, खाम्पुईताई.

ताई म्हणजे ठेंगणी, काटक, पायात कायम रबरी चपला आणि जिभेवर कायम मिरची. मी कॉलेज शिकून शहरातून या गावात नांदायला आले, तेव्हा सगळ्या बायका मला बघायला आल्या होत्या. ताई म्हणाल्या, "शिकलेली आहे ना? मग हिला चिकट भात शिजवायला आधी शिकवा. पुस्तकात नसतो तो." त्या दिवसापासून मी त्यांची 'कॉलेजवाली'. आमची घरं एकाच अंगणात. आमच्याकडे घर मुलीला मिळतं आणि नवरा नांदायला येतो, तसा ताईंचा नवरा विचियन त्यांच्या घरी आलेला. मीच एक उलटी. माझ्या नवऱ्याला शहरात करमेना, म्हणून आम्ही बहिणीच्या अंगणात खोपटं बांधलं.

विचियन देखणा होता, आणि त्याच्या हातचा 'कोय' पंचक्रोशीत प्रसिद्ध. नदीतली बारीक ताजी मासळी कच्चीच कुटायची, त्यात लिंबू, मिरची, भाजून भरडलेला तांदूळ आणि लाल मुंग्यांची अंडी. पुरुष मंडळी आधी दारूबरोबर खायची, उरलेलं बायका भाताला लावून खायच्या. त्या मासळीतून किडा पोटात जातो आणि लिव्हरच्या नळीत घर करतो, हे आरोग्य केंद्रातल्या बाई गळा कोरडा होईपर्यंत सांगायच्या. आमच्या लोकांनी त्यातून अर्थ काढला तो असा, की किडा मारायची गोळी निघालीय ना, मग आधी कोय खा आणि वरून गोळी घ्या. विचियन तर गोळ्यांची पट्टी मिरचीच्या ताटलीत ठेवायचा. "ही आमची कोशिंबीर!" म्हणायचा. सगळे हसायचे. मीही हसले आहे.

सोनोग्राफीची गाडी विहाराच्या आवारात आली, तेव्हा ताई रांगेत उभ्या राहिल्या त्या केवळ थंडगार यंत्राची मजा बघायला. त्यांच्याच लिव्हरमध्ये सावली सापडली. पित्तनळीचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, लवकर सापडलाय, कापून काढता येईल.

गावभर एकच ओरड. पोट चिरलं की आत वारा लागतो, आणि वारा लागला की कॅन्सर वणव्यासारखा पसरतो. असं आम्ही सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. सगळ्यात मोठ्याने ओरडला विचियन. "चिरून घेतलेला एक तरी माणूस दाखव मला, ज्याने पुढचा पावसाळा पाहिला!"

"दाखवते की," ताई म्हणाल्या. "मलाच बघ."

त्या गेल्या. अर्ध्याच्या जवळपास लिव्हर गेलं, पित्तनळी गेली, उरलेलं लिव्हर आतड्याला जोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, असं डॉक्टर म्हणाले, आणि मग जोडलेल्या जागेतून पित्त गळायला लागलं. पोटातून काढलेल्या नळीच्या पिशवीत ते हिरवट पिवळं पाणी भरत राहायचं. ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. बरगड्यांमधून आणखी एक नळी घातली. मी त्यांच्या खाटेखाली चटई टाकून राहिले होते. विचियन एकदा आला. पिशवीकडे बघून त्याने नाकाला हात लावला, "वारा लागलाच शेवटी," म्हणाला, आणि गेला.

डॉक्टरांनी घरी सोडलं तेव्हा एक नळी अजून अंगावर होती. आम्ही पिकअपमधून उतरलो. ताईंच्या घराच्या भिंतीवर, बरोबर मधोमध, त्यांचाच फोटो. ओळखपत्रावरचा मोठा करून सोनेरी चौकटीत बसवलेला. शवपेटीपुढे ठेवतात तसा. आणि चुलीपाशी बाजारात कडव्या शेंगा विकणारी लम्याई, कमरेला ताईंचं जांभळं रेशमी सिन, आमच्या बायकांचं नेसूचं वस्त्र, गुंडाळून. ते ताईंनी स्वतःच्या चितेसाठी विणून ठेवलं होतं.

ताई ओरडल्या नाहीत. ओरडायला पोटाचे टाके देत नव्हते. पिशवी हातात धरून उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "घर माझ्या आईचं आहे. तुमच्या उशा उचला."

विचियनने उशा उचलल्या. जाताना खिदळत म्हणाला, "भांडू नकोस. पावसाळ्यापर्यंतच आहेस. मग येतो परत, कुंपण दुरुस्त करायला."

त्या वाक्याने ताई जगल्या, असं मी म्हटलं तर डॉक्टरांचा अपमान होईल. पण मी पेजेची वाटी घेऊन जायची, त्यांना घास गिळवत नसायचा, आणि मी नुसतं "कुंपण" म्हटलं की वाटी रिकामी व्हायची. नळी निघाली. पावसाळा आला, गेला. दुसरा आला. टाक्यांच्या जागी पोट फुगून गोळा वर आला, त्याला त्या 'माझा नातू' म्हणायच्या आणि पट्ट्याने बांधून शेतात जायच्या. मधूनच हुडहुडी भरून ताप यायचा, कारण जोडलेल्या नळीत जंतू जायचे. तेव्हा दार लावून घ्यायच्या आणि मला बजावायच्या, "मागच्या वाटेने इस्पितळात ने. लम्याईच्या घरात कळता कामा नये." तपासणी चांगली आली की मात्र नवा ब्लाउज घालून लम्याईच्या दारावरून दोनदा जायच्या. एकदा जाताना, एकदा येताना, आणि येताना सावकाश.

मग विचियनचे डोळे पिवळे झाले.

तोच रोग, तीच नळी. आधी कावीळ उतरवायला नळी घातली, मग ऑपरेशनची तारीख मिळाली. लम्याईने त्याला जडीबुटीवाल्याकडे न्यायचा घाट घातला होता, पण तो भ्यायला होता. आणि भ्यालेल्या माणसाला गावात चिरूनही जिवंत असलेलं एकच माणूस दिसत होतं.

तो फुलं-मेणबत्त्या घेऊन आला, सोबत मंत्र म्हणणारे थोंगम्वन आजोबा. गुडघ्यांवर बसला. कुंपणापाशी अर्धी गल्ली जमली. ताई ओट्यावर बांबूच्या टोपलीला वेत बांधत होत्या, त्या बांधतच राहिल्या.

"खाम्पुई, मी चुकलो. अहोसी दे."

"नाही."

आजोबांना वाटलं तिला ऐकू गेलं नाही. "अगं, ऑपरेशनला चाललाय पोरगा. सोडलं म्हण."

"ऐकलं मी, आजोबा. नाही सोडलं."

"ताई," मी हळूच म्हणाले, "मरणाच्या दारात निघालेल्या माणसाला असं..."

"मरणाच्या दारात कुठे? इस्पितळाच्या दारात. मी गेले होते त्याच." मग त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "ही फुलं घरी ने आणि पाण्यात ठेव. तुझं माझ्याकडचं कर्म घेऊन जा टेबलावर. जड आहे, नीट धर."

तो रडला. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू. ताईंना नाही आली. त्यांनी वेताची गाठ मारली, दाताने तोडली.

लोकांनी मग एक गोड अर्थ काढला. म्हणाले, बाई हुशार. कर्म शिल्लक ठेवलं म्हणजे त्याला परत यावंच लागेल. हा तिचा जीवच आहे त्याच्यावर. मी हे ताईंना सांगितलं. त्या इतक्या हसल्या, की पोटावरचा पट्टा सैल करावा लागला.

"जीव कसला! तो मेलेला चालेल मला. चांगलाच चालेल. फक्त ऑपरेशनने मरता कामा नये. त्याने मरायचं आणि गावाने म्हणायचं, बघा, वारा लागला, विचियन खरं बोलत होता! त्याला बरोबर ठरवून मरू देऊ का मी?"

आणि नेमकं तेच व्हायची वेळ आली. ऑपरेशननंतर त्याचंही पित्त गळायला लागलं. पोटात पू झाला, ताप हटेना. लम्याई आणि त्याचे भाऊ पिकअप घेऊन निघाले, त्याला घरी आणायला. आमच्याकडे माणूस परक्या खाटेवर मरू देत नाहीत, जीव घरी सुटला पाहिजे. म्हणून जे जगले असते असे कित्येक जण नळ्या उपटून घरी येतात आणि घरीच मरतात. ताईंच्या कानावर गेलं. त्यांनी माझ्या नवऱ्याला भाताच्या ताटावरून उठवलं.

वॉर्डात पोहोचलो तेव्हा भावांनी त्याचं सामान बांधलं होतं. नर्स समजावत होती. ताईंना बघून तिने विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

"मी यांची मेलेली बायको," ताई म्हणाल्या.

विचियनने डोळे उघडले. "घरी जाऊ दे मला, खाम्पुई. वारा लागलाय."

ताईंनी ब्लाउज वर केला. साऱ्या वॉर्डासमोर. छातीच्या खालून उजव्या कुशीपर्यंत वळलेला तो व्रण, मधोमध नातवाचा गोळा, बरगडीत नळीचं भोक बुजल्याची खूण. पलीकडच्या खाटेवरचे आजोबा तोंडातला घास विसरले.

"बघ. एवढं दार उघडलं होतं माझं. सांग वारा कुठून शिरला? इथून? की इथून? हीच पिशवी, हाच रंग, हाच ताप. तू नाक धरून पळालास ती हीच."

"ताई, निदान आता तरी असं बोलू नका," लम्याई रडत म्हणाली. "ते मरतायत."

"तू गप बस. माझं सिन नेसून दोन पावसाळे झाले, अजून तुला चुलीपुढे बसायची अक्कल नाही. डॉक्टर काय म्हणाले? नळी बदलली की उतरेल, असंच ना? मग सामान सोड." आणि विचियनच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "घरी येऊन मेलास तर तुझ्या प्रेताच्या हातावर पाणी घालून 'सोडलं' म्हणायच्या विधीला मी येईन, आणि सगळ्यांसमोर पुन्हा नाहीच म्हणेन. मेलेल्या माणसाला उत्तरही देता येत नाही. ठरव."

तो राहिला. भीतीने राहिला, लाजेने राहिला, मला ठाऊक नाही. नळी बदलली, पू निघाला, ताप उतरला. काठीसारखा होऊन का होईना, चालत घरी आला. गावात वाऱ्याचं नाव निघेनासं झालं. उलट पुढच्या वेळी सोनोग्राफीच्या गाडीपुढे रांग विहाराच्या फाटकाबाहेर गेली.

सोंगक्रानच्या सणाला, नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी, तो पुन्हा फुलं घेऊन आला. ताई म्हणाल्या, "नाही." पुढच्या वर्षीही आला, पुढच्या वर्षीही "नाही." आता तो मासे उकडून खातो, दारू सोडली, लम्याईला बाजारात ओझी उचलायला मदत करतो. ताईंवर काही परिणाम नाही. एकदा मी चिडून म्हणाले, "अजून किती? भिक्खू काय शिकवतात तुम्हाला?"

"भिक्खूंना बायको नसते, आणि नवराही नसतो," त्या म्हणाल्या.

यंदा सणाच्या जरा आधी ताईंच्या उरलेल्या लिव्हरमध्ये पुन्हा सावली दिसली. लहान आहे, पुन्हा कापता येईल, पण दुसऱ्यांदा कापणं पहिल्यासारखं नसतं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. परतताना पिकअपमध्ये ताईंनी पोटावरचा पट्टा घट्ट केला. मग म्हणाल्या, "तारीख घे."

"ताई," मला राहवेना, "आता तुम्हालाच फुलं घेऊन फिरावं लागेल. सगळ्यांकडे. विचियन-लम्याईकडेसुद्धा. घरातून हाकललंत, बाजारात शिव्या दिल्यात, सगळ्यांसमोर..."

"मग? मी कुठे नाही म्हणतेय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. घराघरात त्या वाकल्या, सगळ्यांनी सोडलं, केळी दिली. शेवटी लम्याईचं घर. विचियन दारातच कोंबड्यांना तांदूळ टाकत होता. ताईंना फुलांसह बघून त्याच्या हातातलं टोपलं खाली पडलं.

ताई गुडघ्यांवर बसल्या. पोट दुखत असणार, पण वाकल्या त्या जमिनीला कपाळ टेकेपर्यंत वाकल्या. "माझ्या हातून, माझ्या जिभेने तुझं जे वाईट झालं असेल, ते सोड."

"सोडलं, सोडलं!" तो घाईघाईने खाली बसला, दोन्ही हात जोडून. "सगळं सोडलं, खाम्पुई. काही शिल्लक नाही. बरी होऊन ये." मग मान वर करून तो वाट बघत राहिला. हात तसेच जोडलेले. दारात लम्याई तोंडावर हात धरून उभी. मला वाटलं, आता नाही तर कधी?

ताईंनी फुलं त्याच्यापुढे नीट ठेवली. माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या, सिनचा काठ झटकला, घरासमोरच्या उन्हात क्षणभर डोळे बारीक केले.

"चल, कॉलेजवाली," त्या म्हणाल्या. "इस्पितळाची पिशवी भरायचीय."