चिकूला मळ्यावर ठेवून भंडारदऱ्याला चार दिवस

तीन वर्षं मी नगरच्या सावेडीबाहेर कुठेही मुक्कामाला गेले नव्हते. कोणी कारण विचारलं की मी "चिकू" म्हणायचे आणि विषय संपायचा. चिकू म्हणजे आमचा नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर. त्याला ह्यांनी आणला, लाडही ह्यांनीच केले. हे गेले आणि कुत्रा माझ्याकडे राहिला. लाड त्यांचे, शिस्त माझी, असं मी आल्यागेल्याला सांगत असते.

भंडारदरा आपल्याच जिल्ह्यात आहे आणि मी तो शाळेच्या सहलीतच काय तो पाहिला होता. सहलीत शिक्षिका मुलं मोजते, पाणी बघत नाही. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. आता निवांत बघायचा असं या दिवाळीनंतर ठरवलं, आणि आधी कुत्र्याची सोय शोधायला लागले.

ज्यांना हेच करायचंय त्यांच्यासाठी लिहिते. फोनवर ठरवू नका, जागा बघून या. आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी राहुरी रस्त्यावरच्या एका मळ्याचा पत्ता दिला. मंगल नावाची बाई तिथे कुत्री सांभाळते, नवरा गाई बघतो. पत्र्याच्या सहा खोल्या, समोर जाळीचं मोठं अंगण, दर दिवसाला पाचशे. मी पाण्याची भांडी पाहिली, कोपऱ्यांत वास घेतला, लसींचं कार्ड दाखवलं. आदल्या आठवड्यात चिकूला सकाळी सोडून संध्याकाळी आणलंही. हा सराव जरूर करा.

मंगलने एक छापील कागद भरायला दिला. कुठे झोपतो? मी लिहिलं, जमिनीवर, चटईवर. खायला घालताना काही सवय? लिहिलं, नाही, स्वतः खातो. पेन परत दिलं. "शाळेत होता म्हणालात ना, मग मी बाईच म्हणते," मंगल म्हणाली. "अक्षर लई झ्याक हाय, बाई."

निघायच्या सकाळी निरोप लांबवला नाही. पट्टा तिच्या हातात दिला आणि वळले. चिकू भुंकला नाही. भुंकला असता तर बरं झालं असतं.

तारकपूर स्टँडवरून संगमनेरची एसटी धरली. महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गाडी करून जाण्यात अर्थ नाही. खिडकी मिळाली. शेजारी नातीला भेटायला निघालेल्या एक आजी होत्या.

"एकट्याच? देवाला चालला का?"

"नाही. फिरायला."

"आन् सोबतीला कोन न्हाई?"

"कुत्रा आहे. त्याला ठेवून आले."

"ठिवून? कुनाकडं?"

"पैसे देऊन ठेवलाय."

आजींनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आमचा गावभर हिंडतो आन् भाकरीच्या टायमाला वसरीवर येतो. त्याला म्हनावं, दे पैसे!" आणि एकट्याच हसत राहिल्या. लोणी गाव येईपर्यंत त्यांनी मला दोन पेरू कापून दिले.

संगमनेरला गाडी बदलून राजूर, तिथून जीपने धरणाशेजारचं शेंडी गाव. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, तास धरून चाला. अकोले गावाच्या पुढे ऊस मागे पडतो आणि भाताची खाचरं सुरू होतात. कापणी चालू होती. मी शेंडीतल्या हिराबाईंच्या घरी खोली घेतली होती, दोन्ही वेळच्या जेवणासकट. काळभाताचा, इथल्या सुवासिक तांदळाचा, वास अंगणातच आला. पिठलं, तांदळाची भाकरी, लसणाची चटणी. ताट खोलीतल्या टेबलावर आलं. हिराबाई वाढून बाहेर गेल्या. मी अर्धी भाकरी परत पाठवली.

मंगलचा फोन त्याआधीच येऊन गेला होता. "आज जेवला न्हाई. पयल्या दिशी व्हतं असं. काळजी करू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी धरणाकडे चालत गेले. पाणी काठोकाठ, हवा गार, भिंतीखालची बाग अजून हिरवी. ते सगळं मी पाहिलं, पण सांगता येईल असं काही आठवत नाही, कारण मी फोनला रेंज कुठे मिळते ते शोधत होते. दुपारी मंगलचा फोन आला तेव्हा मी वाटेवरच्या भज्यांच्या टपरीपाशी उभी होते.

"बाई, आजबी घास न्हाई. पानी पितो. भात दिला, तुमी दिलेले पाकिटातले दाणे दिले, दूध दिलं. तोंड फिरवतो. डाक्टरला बोलवू का तुमी येता?"

राजूरहून निघून संध्याकाळपर्यंत नगरला पोचता येईल का, याचा मी हिशेब करायला लागले. दोन दिवस उपाशी, नऊ वर्षांचा कुत्रा. मग म्हटलं, "मंगल, कागदावर लिहिलंय ते खरं नाही."

"म्हंजे?"

टपरीवर चार पोरं भजी खात होती. मी त्यांच्याकडे पाठ केली. "तो एकटा जेवत नाही. मी खाली बसते. माझं ताट माझ्यापुढे, त्याचं त्याच्यापुढे. मी पहिला घास घेतला की तो घेतो. मी थांबले की तो थांबतो."

"रोज?"

"दोन्ही वेळा."

"आन् झोपतो कुटं?"

"ह्यांच्या जागेवर."

"हात्तिच्या! येवढंच हुतं तर सांगायचं न्हाई का, बाई? मीबी खालीच बसते की जेवायला. माझं व्हायचंच हाय अजून."

अर्ध्या तासाने फोटो आला. शेणाने सारवलेली जमीन, मंगलचं ताट, शेजारी चिकूचं चाटून लख्ख केलेलं भांडं. खाली लिहिलं होतं: माझी भाकर संपली तरी याचं चालूच.

मी तिथेच बाकावर बसले आणि एक प्लेट भजी मागवली. फार बरं वाटलं. ते टिकलं नाही. मघाशी मी मनात परतीची बस गाठली होती. आता परत जायला काही कारण उरलं नव्हतं. तीन वर्षं मी स्वतःला सांगितलं की त्याला माझ्याशिवाय जेवण जात नाही. त्याला मळ्यावरची अनोळखी बाई चालली. जेवण मला जात नव्हतं.

संध्याकाळी हिराबाईंना विचारलं, "मी आत येऊन जेवले तर चालेल का? तुमच्याबरोबर?"

"पाव्हन्यानी आत कशाला? आमाला उशीर व्हतो, मानसं खळ्यावर हायेत. तुमी घ्या उरकून." त्यांनी प्रेमानेच सांगितलं. मी पुन्हा विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी जीप ठरवून जलाशयाला फेरी मारली. एकट्याने जीप महाग पडते, तेव्हा शेंडीच्या चौकात आणखी कोणी आहे का बघा. मला कोणी मिळालं नाही. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ शांत आहे. कोरीव काम बघायला वेळ काढून जा. खांबावरची एक मूर्ती बघताना मी "अहो, हे बघा" म्हणाले. मोठ्याने. पुजाऱ्यांनी मान वर केली. "काय म्हणालात, माई?" मी म्हटलं, काही नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मळ्यावर पोचले. चिकू अंगणात एका म्हाताऱ्या अल्सेशियन कुत्रीला टेकून पडला होता. हाक मारली तसा धावत आला, माझ्या पायांशी गोल गोल फिरला, आणि पुन्हा तिच्याकडे गेला. मग परत माझ्याकडे. असं चार वेळा.

"तिचे मालक परदेशी गेलेत, महिनाभर हाय ती," मंगल म्हणाली. "दोघांचं जमलं बगा. आमच्या पंगतीत शेजारी शेजारी बसायचे."

घरी आल्यावर तो माझ्या शेजारी जेवला, नेहमीसारखा. जेवून मात्र फाटकाशी जाऊन बसला आणि बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला. मी दार उघडं ठेवलं. आत ये, असं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

तुम्हाला कुत्रा ठेवून जायचं असेल तर बाकीचं सगळं मी वर लिहिलंय. कागद मात्र खरा भरा. लाज वाटते तेच आधी लिहा.

परवा मंगलला फोन केला. डिसेंबरमध्ये तीन दिवस जागा आहे का विचारलं. आहे म्हणाली.

"या खेपेला कुटं चालला, बाई?"

"बघते," मी म्हटलं. "तू आधी त्याची जागा धरून ठेव."