निकाल लागेपर्यंत

माझी बायको कॅनडात लेकीकडे गेली होती. तिच्या व्हिसाची मुदत संपली हे मी फक्त घरात, फोनवर बोललो. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी केळीला पाणी सोडतोय, तोच शेजारच्या वाडीतून चुलतभावाने हाक मारली, "दादा, वहिनीला आता पकडनार म्हनं!"

"तुझ्या तोंडाला कुलूप घाल!" मी ओरडलो.

लेकीचं हे पहिलंच बाळंतपण. तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायची बंदी केली, तशी आई धावली. जावई दिवसभर कामावर, घरात तिसरं माणूस नाही. आईला राहायची परवानगी सहा महिन्यांची, आणि बाळाची तारीख त्यानंतरची. म्हणून जावयाने मुदत संपायच्या आधीच वाढवून मागितली होती. उत्तर आलं नाही, मुदत मात्र संपली. ऐन वेळी आई परतली तर पोरीचं करणार कोण?

पण आमच्या गिरीज गावात काय, न विचारता सल्ला मिळतो. न्हाव्याने अर्धी दाढी थांबवून सांगितलं की तिकडे थेट तुरुंगात टाकतात. नालासोपाऱ्याचा विमानाचा तिकीटवाला म्हणाला, "काका, रिस्क मत लो, बुला लो." शेवटी माझाही धीर सुटला. फोन लावून ओरडलो, "बॅग भर आणि ये!"

"अहो, ओरडताय कशाला? मला ऐकू येतं," बायको म्हणाली. "अर्ज मुदतीत गेलाय. निकाल लागेपर्यंत आहे तसंच राहायचं, इथला कायदाच आहे तो. उलट आता देश सोडला तर परत आत घेतील याचा काय भरवसा? आणि मला एक सांगा, तुमचा भाऊ बांधावरच्या माडाचे नारळ कुठल्या हुकमाने पाडतो?"

आमच्या दोन वाड्यांच्या मधल्या बांधावर एक माड आहे. तो कुणाचा, यावर तहसीलमध्ये वर्षानुवर्षं दावा चालू आहे. साहेबांनी सांगितलंय, निकाल होईपर्यंत जैसे थे. दावा दाखल झाला तेव्हा नारळ भाऊ पाडत होता, म्हणून आजही तोच पाडतो आणि मी दात-ओठ खात बघतो. हे मला सुचायला हवं होतं, सुचलं तिला, तेही सातासमुद्रापलीकडे!

दुसऱ्या दिवशी भाऊ माडाखाली नारळ सोलत होता. त्याने विचारायच्या आत मीच विचारलं, "काय रे, या माडाचा निकाल लागला?"

"नाय अजून."

"मग तू चोर झालास की!"

"चोर कसा? जैसे थे हाय ना!"

"मग तुझी वहिनीपण जैसे थे! कोण पकडतो तिला, बघतोच मी!"

त्याच्या हातातला नारळ तसाच राहिला. मी इतका खूश झालो की वाडीभर शीळ घालत फिरलो, न्हाव्याला मुद्दाम जाऊन हे ऐकवलं, आणि तिकीटवाल्याचा नंबरच पुसून टाकला.

नात झाली. सगळ्यात आधी आजीने हातात घेतली. त्या रात्री मी एकटाच ओट्यावर बसून रडलो, आनंदाने. सांगायला लाज कसली?

बाराव्या दिवशी तिकडे बारसं, इकडे माझ्या अंगणात मोठ्या पडद्यावर व्हिडिओ कॉल. आळीतल्या बायकांनी इथून पाळणा म्हटला. न्हावीसुद्धा नवा शर्ट घालून आला. भाऊ आला तो हातात नारळ घेऊन.

"त्याच माडाचा हाय," तो म्हणाला.

"मग अर्धा माझाच आहे," म्हणत मी घेतला. तो हसला, मीही हसलो.

पण खोड जाते थोडीच! पडद्यापुढे वाकून त्याने विचारलंच, "वहिनी, व्हिसा आला काय?"

बायकोने नातीला दोन्ही हातांनी वर धरलं. "नाही हो भावोजी," ती म्हणाली, "नात आली."