पल्लवीचा नाच कोण बघतंय?

नांदे गावात कॉम्प्युटर क्लास काढला तेव्हा वाटलं होतं, पोरं येतील, शिकतील, झालं! पोरं सुट्टीत गायब होतात. किस्से मात्र बारमाही!

२००८ साल असेल. माझ्या क्लासातल्या पल्लवीनं कॉलेजच्या गॅदरिंगमधला आपला नाच इंटरनेटवर टाकला. दुसऱ्याच दिवशी तिचे वडील, ज्ञानोबाकाका, क्लासात हजर.

"मॅडम, ह्यो व्हिडिओ काढा, न्हाईतर पोरीचा क्लास बंद!"

पल्लवी रडकुंडीला आलेली. मी म्हटलं, "काका, आधी बघा तरी." काकांनी थोडा बघितला आणि वाकून, बटण दाबून कॉम्प्युटरच बंद केला. "झालं! आता कुनाला दिसतोय?"

मी शेजारच्या कॉम्प्युटरवर तोच नाच लावला.

"आरं तिच्या! हितं कवा आली ही?"

*

मग मी नीट समजावलं. व्हिडिओ कुणालाही, कुठूनही दिसतो. पल्लवी तो काढू शकते, पण तोवर कुणी उतरवून घेतला तर आपल्या हातात काही नाही.

काका विचारात पडले. "म्हंजे गावजेवन. वाढलं की परत घेता येत न्हाई."

मला इतकं सोपं सांगता आलं नसतं, खरंच!

*

व्हिडिओखाली आकडा असतो, किती वेळा बघितला त्याचा. काका रोज संध्याकाळी तो तपासायला येऊ लागले. आकडा रोज वाढलेला! "ही शेजारच्या जांबे गावातली भाडेकरू पोरंच बघत असनार!" मग भावाला आणलं, भावजयीला आणलं. सगळे वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर नाच लावून आकडा बघत.

शेवटी मी म्हटलं, "काका, तुम्ही बघता तेव्हाही आकडा वाढतो."

"म्हंजे... आमीच?"

"बहुतेक."

काकांचा चेहरा पडला. "मग भाईरचं कोनच बघंना व्हय?"

*

बाहेरचाही एक आला. व्हिडिओखाली कुणा अनोळखी पोराची कॉमेंट: 'मस्त नाचतेस. राहतेस कुठे? मोबाइल नंबर दे.'

पल्लवी पांढरीफटक पडली. आता क्लास गेलाच! काका ताडकन उठले. एवढ्यात त्या दिवशी काकांबरोबर आलेली तिची आई, सुमनकाकू, पुढे होऊन खुर्चीवर बसल्या. "मॅडम, मी सांगती तसं लिवा."

मी पल्लवीच्या अकाउंटवरून इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलं: 'बाळा, मी तिची आई. आदी तुझ्या आईचा नंबर दे. आमी दोघी बोलतो, मग ठरवू.'

थोड्या वेळानं उत्तर आलं.

'सॉरी काकू.'

काकांनी हळूच विचारलं, "मंग, काढायचा का व्हिडिओ?"

"ते पल्लवी ठरवंल," काकू म्हणाल्या. "क्लास मातर बंद न्हाई व्हायचा. उद्यापासनं मी बी येनार. पुढच्याला माझं मीच लिवनार हाय!"