सत्काराचा सूर

पोलादपूरजवळच्या बुद्धवाडीत बुद्धरत्न गमरे राहतो. वय एकसष्ट. पूर्ण नावाने त्याला कोणी हाक मारत नाही. रतन म्हणतात, नाहीतर रतन कीबोर्ड.

महाडचा एक मित्र मस्कतहून सुटीवर आला होता. त्याने येताना रतनसाठी पहिला कीबोर्ड आणला. तेव्हा रतन वीस वर्षांचा होता. त्यानंतर चाळीस वर्षं तो भीमगीतांच्या गायनपार्ट्यांत वाजवत राहिला. हळदी वाजवल्या, जयंत्या वाजवल्या. दिवसा एमआयडीसीत फिटर, संध्याकाळी स्टेजवर. गायक बदलले, ऑक्टोपॅडवाले बदलले. कीबोर्डवर रतनच.

आपल्याकडे कार्यक्रम म्हटला की सत्कार आला. गाणं कुठे रंगात येतं, तोच निवेदक माइक हातात घेतो. सरपंच, माजी सरपंच, मुंबई मंडळाचे अध्यक्ष, मग चिटणीस. शाल, पुष्पगुच्छ, फोटो. तेवढा वेळ स्टेज सुनं वाटू नये म्हणून कीबोर्डवाल्याने मागे एक सूर धरायचा. ताल नाही, चाल नाही. शेवटचं नाव होईपर्यंत सोडायचा नाही. नवीन वाजवणारा यात जेरीस येतो. एका हाताने सूर दाबतो आणि दुसऱ्या हाताने मोबाइल बघतो.

रतन कधी जेरीस आला नाही. एकदा उमरठला सत्कार पन्नास मिनिटं चालला. त्याने सूर धरला. मग त्याच्या पोटात दुसरा सरकवला. मग पहिला इतका हळू काढून घेतला की तो गेल्याचं कोणाला कळलं नाही. स्टेजवरून उतरताना गायकाने त्याची कीव केली. रतनने मान हलवली, पण त्या दिवशी गाण्यांपेक्षा त्या पन्नास मिनिटांतच त्याचं पोट भरलं होतं. हे कोणाला सांगणार? 

कंपनीतून निवृत्त झाल्यावर मात्र तो त्या सुराच्याच मागे लागला. मुंबईत एक स्टुडिओ बंद होत होता. तिथून त्याने बटणंच बटणं असलेला जुना सिंथेसायझर आणला. एक रेकॉर्डर घेतला. बोगदा झाल्यापासून कशेडीचा जुना घाट निवांत झालाय. तिथे तो कठड्यावर तासन्‌तास बसायचा. चुकून एखादा ट्रक खालच्या गिअरमध्ये कण्हत वर आला की तो टिपून घ्यायचा. हिरकणीवाडीला जाऊन त्याने रोपवेच्या तारेचा गुंजारव टिपला. पर्यटक त्याला कंपनीचा माणूस समजून तिकिटाची खिडकी विचारायचे. घरी आल्यावर या आवाजांखाली तो आपला सूर धरायचा. तीन वर्षांत चार तुकडे झाले. मिळून चव्वेचाळीस मिनिटं. त्यात ठोका एकही नाही.

ललिता, त्याची बायको, पहिल्यांदा ऐकून म्हणाली होती की फ्रीज चालू राहिल्यासारखं वाटतंय. पुढे पुढे ती त्यावर तांदूळ निवडायला बसू लागली. मधेच बंद झालं तर आतून विचारायची, का थांबवलंत म्हणून.

पुण्यातली काही मंडळी असल्या संगीताचे अल्बम इंटरनेटवर काढतात. रतनने त्यांना दोन तुकडे पाठवले होते. त्यांचा लगेच होकार आला. महिनाअखेरपर्यंत सगळं पाठवा, म्हणाले. घरात आनंदीआनंद व्हायला हवा होता. पण रतनने आपणच आपल्याला अट घातली. आधी वाडीने एका बैठकीत पूर्ण ऐकायचं. मगच पाठवायचं.

ललिता वैतागली. "पुण्याची माणसं हो म्हणतात, नि तुमी वाडीला कशाला इचारता?"

"चाळीस वर्सं यांच्यापुढं वाजवलं," रतन म्हणाला. "यांच्यापुढं सूर टिकला नाय तर तो नुसता भराव हाय. भराव माझ्या नावानं नाय पाठवायचा."

किशोर सकपाळने वेगळा मार्ग सुचवला. किशोर शाळेत मास्तर आणि वाडीचा कायमचा निवेदक. रतनच्या सुरावर त्याने आयुष्यभर नावं पुकारली. त्याचं म्हणणं, तोंडी लावायला थोडी ढोलकी टाक, माणसं बसतील. रतनने नाही म्हटलं. किशोरने पुन्हा सांगून पाहिलं. रतनने पुन्हा नाही म्हटलं आणि विहारात जाऊन रविवारची दुपार मागून घेतली.

रविवारी चार वाजता साठेक माणसं जमली. त्रिशरण-पंचशील झालं. किशोरने दोन शब्दांत ओळख करून दिली आणि माइक स्टँडला लावून तो पहिल्या रांगेत बसला. रतनने दोन स्पीकर लावले होते. त्याने बटण दाबलं.

कशेडीचा ट्रक लांबून आला. त्याच्याखाली सूर उगवला आणि स्थिरावला. माणसं सावरून बसली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. रतन भिंतीला टेकून एकेका चेहऱ्याकडे बघत होता. कोणी हललं नव्हतं. त्याच्या छातीवरचं ओझं जरासं उतरलं.

अकराव्या मिनिटाला किशोर उठला. सदरा नीट केला. घसा साफ केला. माइक हातात घेतला.

"आजच्या कार्यक्रमाला आवर्जून उपस्थित असलेले निवृत्त मुख्याध्यापक, आदरणीय तांबे गुरुजी..."

तांबे गुरुजी हात जोडून उभे राहिले. दोघीजणी फुलं बघायला मागच्या खोलीत गेल्या. कोणीतरी फोटोसाठी मोबाइल काढला. टाळ्या पडल्या. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. सूर लागलाय म्हणजे सत्कार आहे. गुरुजी स्टेजच्या पायरीपर्यंत पोचलेसुद्धा.

रतनने बटण बंद केलं.

शांतता पडली तेव्हा किशोरला जाग आली. त्याने हातातल्या माइककडे पाहिलं, मग रतनकडे.

"किशोर," रतन म्हणाला, "आज सत्कार नाय."

"अरे, तुझा सूर लागला नि माझे पाय आपोआप उठले रे." किशोरचा चेहरा पडला. "मी काय मुद्दाम केलं नाही."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. गुरुजीही हसले. पायरीवरून उलटे फिरता फिरता म्हणाले, निदान शाल तरी द्या, उठवलंत म्हणून. रतनला हसू आलं नाही. तो पाणी प्यायला. आपल्या चाळीस वर्षांचा निकाल लागला, असं त्याच्या मनात आलं. हा सूर म्हणजे दुसऱ्याचं नाव यायची जागा. ललिता बायकांच्या रांगेतून त्याच्याकडे बघत होती. आता हा सामान गुंडाळणार, असं तिला वाटलं असावं.

तो परत स्पीकरपाशी गेला.

किशोरने दबक्या आवाजात विचारलं, थांबला तिथूनच लावणार ना?

"पयल्यापासून," रतन म्हणाला.

"परत अकरा मिनिटं? माणसं जातील रे."

"जाऊदे. जो बसंल तो पुरा ऐकंल."

 किशोरने माइकची वायर काढली, गुंडाळली, रतनच्या हातात दिली आणि जाऊन बसला. या वेळी त्याने दोन्ही हात मांडीखाली घातले.

ट्रक पुन्हा लांबून आला. अकरावं मिनिट आलं आणि गेलं. पोरं एकेक करून सटकली. क्रिकेटची मॅच होती. दुसऱ्या तुकड्यात चारपाच माणसं चहाच्या निमित्ताने उठली. एकजण भिंतीला टेकून घोरू लागला. त्याला कोणी उठवलं नाही. तिसऱ्या तुकड्यात रोपवेची तार गुणगुणू लागली. आता कोणी उठेना. उन्हाची तिरीप जमिनीवरून सरकत सतरंजीच्या काठाशी आली. रतन कोणाच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता. तो ऐकत होता. शेवटच्या तुकड्यात एके ठिकाणी सूर जरा लवकर सुटलाय, हे त्याला आज कळलं.

संपलं, तरी कोणी उठलं नाही. संपल्याचं कळलंच नव्हतं. पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला तेव्हा माणसं एकमेकांकडे बघायला लागली. तीसपस्तीस तरी उरली होती.

चंद्रभागा आत्या वाडीतली सगळ्यात म्हातारी. ती भिंतीचा आधार घेत उठली आणि रतनसमोर येऊन उभी राहिली.

"मी आपली वाट बघत व्हते, आता कोनाचा नाव येतोय," ती म्हणाली. "कोनाचाच आला नाय. पन उठवत नव्हतं रे बाबा."

एवढं बोलून ती चपला शोधायला गेली.

किशोर स्पीकर उचलायला आला. ढोलकीचा विषय त्याने काढला नाही.

रतन घरी गेला. शेवटच्या तुकड्यातला सूर त्याने चार सेकंदांनी लांबवला. वाडीत रेंज नव्हती, म्हणून लॅपटॉप पिशवीत घालून तो मोटारसायकलवर महाडला गेला आणि एस.टी. स्टँडसमोर गाडी लावली. पुण्याच्या फॉर्ममध्ये कलाकाराचं नाव विचारलं होतं. रतन, असं लिहून त्याने ते खोडलं. बुद्धरत्न गमरे, असं पूर्ण लिहिलं. फाइल जायला एकोणीस मिनिटं लागली. तेवढा वेळ तो गाडीला टेकून उभा होता.