हमीदाआपांनी न टाकलेली प्लेट

हमीदाआपा गेल्याचं कळलं तेव्हा मी मुलांच्या अतिदक्षता विभागात एका बाळाचं वजन करत होते. फोन लॅबमधून होता. "सिस्टर, आपा नहीं रहीं..." एवढं बोलून पलीकडची पोरगी रडायला लागली. मी बाळाला पाळण्यात ठेवलं, वजन कागदावर लिहिलं आणि मगच खुर्चीत बसले. आधी काम, रडारड नंतर, हा खुद्द आपांचा खाक्या.

दापोलीजवळच्या खाडीकाठच्या गावातून आलेल्या आपा मस्कतमधल्या आमच्या हॉस्पिटलात वीस वर्षं लॅबमध्ये होत्या. रुग्णांच्या नमुन्यांतून काचेच्या छोट्या प्लेटवर कोणते जंतू उगवतात ते ओळखायचं, हे त्यांचं काम. मी पुण्याची नर्स. मस्कतला लागून असलेल्या सीबला आम्ही एकाच इमारतीत राहायचो, सकाळी एकाच गाडीने यायचो. "पुणेकरणीला सगळं आधीच ठाऊक असतं," हा त्यांचा आवडता टोमणा. एकदा तो मला चांगलाच लागू पडला.

चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मर्यम आमच्याकडे आली. दोन वर्षांची, सूर नावाच्या बंदराच्या गावची. वडील लाकडी जहाजं बांधणारे. फ्लूने फुफ्फुसं भरलेली, श्वास व्हेंटिलेटरवर. आठवडा उलटला तरी ताप हटेना, अँटिबायोटिक बदलून झाले, ऑक्सिजन रोज वाढवावा लागे. वडील काचेबाहेरून रोज एकच प्रश्न विचारायचे आणि आम्ही "इन्शाल्ला" म्हणायचो. पोर हातची जाणार, हे आम्हाला दिसत होतं... अशात तिच्या श्वासनळीतल्या नमुन्यात बुरशीचा एक हिरवट ठिपका उगवला. आपांनी फोन केला. मी म्हणाले, "एसीची धूळ असेल हो. नमुना घेताना पडली असेल." असं पुष्कळदा होतं, आणि मला तर ठाऊकच होतं ना!

शुक्रवार-शनिवार सुट्टी, म्हणून गुरुवारी दुपारी लॅबमधल्या जुन्या प्लेटा टाकून द्यायची पद्धत. आपांनी ती एक टाकली नाही. शुक्रवारी घरात पाहुणे असताना बिर्याणी दमावर ठेवून बाई टॅक्सीने लॅबमध्ये हजर. ठिपक्याची चांगली चकती झाली होती. तिचा मोबाइलवर फोटो काढून त्या थेट आमच्या विभागाच्या दारात.

"काय गो, आमच्याकडे लोणच्याला बुरशी आली की आई बरणीला बोल लावत नव्हती. ओला हात कुणी घातला ते आधी शोधायची. आता परत नमुना घे. मी हितं उभी राहते."

म्हणजे ओला हात माझा! मी चिडले, भयंकर चिडले. पण नमुना घेतला, एरवीपेक्षा दुप्पट काळजीने. रविवारी सकाळी त्याच्यातही तीच हिरवी बुरशी उगवली होती. आमच्या मोठ्या डॉक्टर ओमानी, स्वभावाने कडक. त्यांना आपांनी हिंदीत सुनावलं, "डॉक्टर, एक बार आये तो मेहमान. दो बार आये तो घर कर लिया." विषाणूने आतून सोललेल्या फुफ्फुसांत, उपचारातल्या स्टिरॉइडने प्रतिकार मंदावलेला असताना, बुरशीने बिऱ्हाड मांडलं होतं. अँटिबायोटिक तिचं काय वाकडं करणार? तासाभरात बुरशीवरचं औषध सुरू झालं.

आठवड्याने ताप उतरला. त्यानंतर काही दिवसांनी नळी निघाली आणि मर्यम घोगऱ्या आवाजात आईला हाक मारून रडली. मी धावत लॅबमध्ये गेले. "आपा, जिंकलात!" त्यांनी माझे गाल दोन्ही हातांत धरले आणि म्हणाल्या, "मी नाय, ती पोर जिंकली." माफी मागायची मी विसरलेच, आणि त्यांनी कधी आठवणही करून दिली नाही. आज आमच्या लॅबमध्ये अतिदक्षता विभागाला विचारल्याशिवाय गुरुवारी एकही प्लेट टाकली जात नाही. तसा लेखी नियम आहे. त्यावर आपांचं नाव नाही, पण नव्या मुलींना तो शिकवताना नाव मात्र त्यांचंच निघतं.

आपांच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी आम्ही दुखवट्याला बसलो होतो. लिफ्ट बंद होती. एकदम जिन्यातून धाडधाड पावलं वाजली आणि चौथ्या मजल्याच्या कठड्यावरून कुणीतरी घाई करत खणखणीत ओरडलं, "यल्ला, बाबा, यल्ला!" सहा वर्षांची मर्यम! बातमी ऐकून बापलेक सूरहून आले होते. वडील अजून दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत होते, हिला साधा दमही लागला नव्हता. बायका दचकल्या, कुणीतरी "शू..." केलं.

दारात उभे असलेले आपांचे यजमान युसूफभाई वळले. डोळे भरलेले, पण चेहराभर हसू.

"गप्प नका करू तिला," ते म्हणाले. "ओरडू दे."