उपाशी वाकळ

मी गाव सोडलं त्या सकाळी गाडीवानाला घाई होती, बैलांना नव्हती, आणि आई नेमकी कुणाच्या बाजूची होती ते कळत नव्हतं. ती मला गाडीत बसवायची आणि काहीतरी द्यायचं राहिलं म्हणून परत उतरवायची. शाहूवाडीच्या डोंगरातून कोल्हापूरला बोर्डिंगात शिकायला निघालेला आमच्या वस्तीतला मी पहिलाच. वडील एवढंच म्हणाले, "आठ दिसांत रडू थांबतंय. मग कागद लिव." मला दहा दिवस लागले.

सोबत वस्तीतल्या अमिनामावशीनं शिवलेली वाकळ होती. आपल्यातले जे शहरात जाऊन वाकळ विसरले असतील त्यांच्यासाठी सांगतो. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक घालून कडेकडेनं आत शिवत यायचं. मधोमध वीतभर जागा उरली की तिथं भाकरीचा वाळका तुकडा ठेवायचा आणि मगच शेवटचे टाके घालायचे. उपाशी वाकळ घेऊन घराबाहेर पडलेलं माणूस परक्या दारी उपाशी राहतं, असं आपल्याकडे मानतात. मावशीचा टाका मी अंधारात बोटांनी ओळखायचो. बोर्डिंगात झोप येईना तेव्हा मधला तो टणक तुकडा चाचपत पडायचो. पुढे इंग्रजी पुस्तकं वाचू लागलो तसा भाकरीवरचा विश्वास उडाला. चाचपायची सवय मात्र राहिली.

शिकून मी दरबारच्या कचेरीत कारकून झालो. एके वर्षी शेतीचं आणि हुन्नराचं प्रदर्शन भरलं. मांडवाला तीन कमानी होत्या आणि तिन्हींवर सुस्वागतम, म्हणजे पहिल्या दोन्हींखाली कुणाचा विश्वास बसला नाही तर तिसरी होती. महाराजांना असला थाट आवडत नाही असं सगळे म्हणत. थाट करणारेही तेच म्हणत. वाकळांचं दालन माझ्याकडे आलं. मी हौसेनं गावी निरोप धाडला आणि मावशीनं लेकीच्या लग्नासाठी नुकतीच पुरी केलेली वाकळ पाठवून दिली. तिच्याखाली चिठ्ठी मीच लिहिली, चांगल्या वळणदार अक्षरात.

प्रदर्शन उघडायच्या आदल्या दिवशी आमचे शिरस्तेदार पाहणीला आले. वाकळेवरून हात फिरवताना त्यांच्या बोटांना मधलं टेंगूळ लागलं. "हे काय हो? तुम्ही तिकडचेच ना?"

मला ठाऊक होतं. तोंडातून मात्र आलं, "कल्पना नाही साहेब. काहीतरी अडाणी समजूत असेल."

ते म्हणाले, उंदीर लागतील, काढून टाका. शिपायाला सांगता आलं असतं, पण शिपाईही आपल्याच भागातला होता, तो विचारात पडला असता. म्हणून पेन्सिलीला टोक करायचा चाकू घेऊन मीच ते टाके उसवले. निघालेला तुकडा मांडवामागे टाकला. एका शिंप्यानं भोक बंद करून दिलं. टाके अगदी सरळ आले होते, मावशीचे कधी इतके सरळ नसायचे.

तिसऱ्या दिवशी मावशी स्वतः आली. गुळाच्या गाडीत बसून आली होती, लुगड्याला काकवीचा वास. एवढी हंड्या-झुंबरं टांगलेली, पण तिचं लक्ष कशाकडेच नव्हतं. ती थेट आपल्या वाकळेपुढे जाऊन उभी राहिली आणि हसली. "दादू, वाकळ अशी उभी केल्यावर मानसानं निजायचं कसं रं? का शेरात उभ्यानंच निजत्यात?" आसपासचे चार लोक हसले. मीही हसलो. मग तिनं मधोमध हात ठेवला.

हात तिथेच थांबला. तिनं दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं, जवळ जाऊन टाके पाहिले. खाली बसून गाठोडं सोडलं, वाटेसाठी आणलेल्या भाकरीतला तुकडा मोडला आणि चोळीला टोचलेली सुई काढली. "दादू, जरा कड धर की. येवढं भरून घिऊ या. पोर सासरी निघालीया."

दालनाच्या तोंडाशी शिरस्तेदार कुणा पाहुण्यांना घेऊन उभे होते. मी माझ्या कचेरीतल्या आवाजात म्हणालो, "बाई, प्रदर्शनातल्या वस्तूला हात लावायचा नाही."

तिनं माझ्याकडे वर पाहिलं. मग सुई पुन्हा चोळीला टोचली, भाकरी फडक्यात बांधली. "चुकलं रावसाब," ती म्हणाली. उठताना तिनं, जसं कुणाही कारकुनाला विचारावं तसं मला विचारलं, की ही कुणी उसवली ते कळेल का. मी म्हणालो, चौकशी करतो.

तिच्या वाकळेला पदक मिळालं. ते गावी पोचवायची व्यवस्था मी तत्परतेनं केली, कारण त्यासाठी मला स्वतः जावं लागत नव्हतं. वाकळही परत गेली. पुढच्या शिमग्याला घरी गेलो तेव्हा आईनं सांगितलं, अमिनानं ती सगळी उसवून पहिल्यापासून शिवली, त्यापायी लग्न महिनाभर पुढं गेलं. "असं कुनी केलं असंल रं?" आईनं विचारलं. मी भाताकडे बघत म्हणालो, शहरात असली माणसं असतात.

त्याला आता नऊ वर्षं झाली. या काळात मी घर या गोष्टीवर बरंच वाचलं. जन्मभूमी वगैरे शब्द भाषणात बरे वाटतात, पण माझ्या हाती त्यातलं काही लागत नाही. गावी गेलो की मी ओढ्याकडून वळसा घालून घरी शिरतो. कुणी विचारलं तर सांगतो, तिकडं सावली आहे. तिकडं झाड नाही.

आईला वाचता येत नाही. वस्तीत आलेले कागद मास्तर वाचून दाखवतात, आणि वाचायला ते बसतात अमिनामावशीच्या ओसरीवर, कारण शिवायला बसलेल्या बाया तिथं असतात आणि ऐकायला माणसं आयती मिळतात. हे ठाऊक असूनच हा कागद लिहिला आहे. ज्या ओसरीवर आपलं नाव घेऊन हे वाचलं जाईल आणि तिथं खाली मान घालून बसायला आपण असायला हवं असं वाटतं, तेवढीच जागा मला आता घर म्हणता येते.

तेव्हा मास्तर, चाकूचा मजकूर गाळू नका. मावशीला अलीकडे कमी ऐकू येतं, जरा मोठ्यानं वाचा.