रूपालीने आईला विचारलं

पाचोऱ्याजवळच्या एका खेड्यात रूपाली आशा सेविका म्हणून काम करते. गावात कुणाला कितवा महिना आहे, कुणाचं रक्त कमी आहे, कोण लोहाच्या गोळ्या गुपचूप फेकून देते, हे तिला तोंडपाठ. गावाला ती हसरीच माहीत. घरात मात्र वर्षातून दोनतीनदा तिचं मन खचायचं. भाकरी थापता थापता हात थांबायचे आणि मग आठ-पंधरा दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. एकोणीस वर्षांची असल्यापासून हे चालू होतं. लग्नही यातच मोडलं. तेव्हापासून ती आई लिलाबाईंजवळ राहत होती. दुखण्याने उचल खाल्ली की लिलाबाई उशाशी बसून तिच्या केसांतून हात फिरवायच्या.

तीन वर्षांपूर्वी ती जळगावला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेली. गोळ्या सुरू झाल्या. एकदा डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्या वेळी आईचं गरोदरपण कसं गेलं?"

"का हो?"

"त्या दिवसांत आईची उपासमार झाली, मोठा धक्का बसला, तर काही मुलांना पुढे असा त्रास व्हायची शक्यता थोडी वाढते. तुमचं त्यामुळेच झालं, असं मात्र कुणीच सांगू शकत नाही."

रूपाली घरी आली तेव्हा लिलाबाई ओट्यावर ज्वारी निवडत होत्या.

"माय, मी पोटमा व्हतू तवय तुनी तब्येत कशी व्हती?"

लिलाबाईंचा हात सुपातच राहिला. रूपालीच्या आधीचा मुलगा राकेश तापाने गेला, एवढंच रूपालीला ठाऊक होतं. तो विहिरीत पडला होता, हे लिलाबाईंनी आज पहिल्यांदा सांगितलं. चार वर्षांचा. तेव्हा लिलाबाईंना पाचवा महिना होता.

"दोन-दोन दिन मी काहीच खादं नई. तू पोटमा शे, हेबी भुली गऊ."

मग त्यांनी विचारलं, "का विचारस?"

गावातल्या बायांना समजावते तसं रूपालीने सरळ सगळं सांगून टाकलं. लिलाबाईंनी सूप बाजूला सारलं. "म्हंजे तुनं हाई बठ्ठं मन्हामुळे शे? मन्ही चूक?"

"तसं नई, माय," रूपाली म्हणाली. दहा वेळा म्हणाली. शेवटी आईला जळगावला घेऊन गेली.

डॉक्टर म्हणाले, "आई, तुमची काही चूक नाही. लेकरू गेल्यावर घास कसा उतरेल? तेव्हा कुणीतरी तुमच्याजवळ बसायला हवं होतं."

लिलाबाईंनी मान हलवली. परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर बघत त्या एवढंच म्हणाल्या, "कोणीच बसनं नई. आठव्या दिनले मी कापूस येचाले गऊ."

त्यानंतर रूपाली आजारी पडली की त्या उशाशी बसेनात. चहा ठेवायच्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसायच्या. आपण जवळ गेलो तर पोरीला आणखी काही होईल, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. रूपालीला हाक मारावीशी वाटे, पण त्या दिवसांत तिचा आवाजच निघत नसे.

गेल्या पौषात एका दुपारी ती अशीच पडून होती. आई बाहेर बसलीय, एवढं तिला कळत होतं. शेजारच्या इंदिराबाई ओरडल्या तेव्हा ती उठली. लिलाबाई भिंतीला टेकलेल्याच होत्या. अंग गार पडलं होतं.

रूपाली महिन्याभराने कामावर गेली. गोळ्या चालू आहेत, त्यांनी बरंही वाटतं. जळगावला गेली की डॉक्टर आईचा विषय काढतात.

"मी विचारायलाच नको होतं," ती म्हणते.

"तुम्ही विचारलंत म्हणून राकेशचं त्या कुणाजवळ तरी बोलल्या," डॉक्टर म्हणतात.

रूपालीला ते पटत नाही. ती गोळ्यांची चिठ्ठी घेते आणि पाचोऱ्याची बस धरते.